पुरुमेंताच्या यादीत पाणी

गोव्यातल्या पर्वरीच्या एका गृहस्थांनी विचारले आहे, ते थोडक्यात असे: "घरी आम्ही दोघे, आई-बाबा आणि तीन वर्षांचा मुलगा. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मूळ घर सत्तरी तालुक्यात, तिथे विहीर आहे, पण घर वर्षातले अकरा महिने बंदच असते. उद्या मोठी आपत्ती आली तर वर्षभर पुरेल एवढे पिण्याचे पाणी साठवून ठेवायचा विचार आहे. कोणते ड्रम घ्यावेत? पाणी टिकावे म्हणून त्यात काय घालावे? आणि घरात आरओ असताना एवढा खटाटोप करायची गरज आहे का?"

आधी हिशेब करू. पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज चार लिटर धरा. पाच माणसांचे वीस लिटर, म्हणजे वर्षाचे ७,३०० लिटर. दोनशे लिटरचे सदतीस ड्रम झाले आणि वजन सव्वासात टनांच्या वर गेले. हे तिसऱ्या मजल्यावर चढवलेत तर आपत्तीची वाट पाहायला नको, ती खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छतातून येईल. तेव्हा वर्षाचा विचार सोडून द्या. तो सोडला की तुमचा प्रश्न बराच सोपा होतो.

मी अठ्ठावीस वर्षे जलशुद्धीकरण प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. नदीचे पाणी रोज पाहायचे आणि त्यात आज तुरटी किती, चुना किती, क्लोरीन किती हे सांगायचे, एवढेच काम. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. गोव्यात पाण्याचे संकट येते ते पाणी नसल्यामुळे नव्हे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटाकडे त्याहून जास्त. संकटाच्या दिवशीही पाणी चहूकडे असते, फक्त ते पिण्याजोगे नसते, किंवा आपला हात तिथवर पोचत नाही.

गेल्या काही वर्षांतलेच पाहा. २०१९च्या ऑगस्टमध्ये कुर्टी-खांडेपारला मुख्य जलवाहिन्या फुटल्या आणि तिसवाडी व फोंड्यात जवळपास आठवडाभर नळ कोरडे पडले. ऐन पावसाळा होता. छपराच्या पागोळ्या धो धो गळत होत्या आणि त्यांच्याखालूनच माणसे रिकाम्या बादल्या घेऊन टँकर शोधत होती. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले, झाडे विजेच्या तारांवर पडली आणि कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. वीज नाही म्हणून पंप बंद, पंप बंद म्हणून टाकी रिकामी. त्याच वर्षी २३ जुलैच्या पुराने सत्तरी, डिचोलीत घरे पाण्याखाली गेली आणि विहिरींत पुराचा चिखल शिरला. एकदा जलवाहिनी, एकदा वीज, एकदा पूर. तिन्ही वेळा पाणी आटले नव्हते.

म्हणून माझे उत्तर असे: साठा चौदा दिवसांचा करा आणि त्यापुढचे दिवस साठ्यावर नाही, हातच्या कामावर काढायची तयारी ठेवा. मिळेल ते पाणी पिण्याजोगे करता आले पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात पुरुमेंत भरतात. सुके बांगडे, सुंगटे, मिरच्या, चिंच, सोले, तांदूळ, सगळे चार महिन्यांच्या बेगमीला. यादीत पाणी कधीच नसायचे, कारण विहीर दाराशी होती. आता दाराशी लिफ्ट आहे. तेव्हा यादीत एक ओळ वाढवायची, बाकी पद्धत तीच.

चौदा दिवसांचे २८० लिटर होतात, म्हणजे वीस लिटरचे चौदा कॅन. चार लिटरचा आकडा मात्र परिस्थितीप्रमाणे बदलतो. मे महिन्यात वीज नसताना घामाघूम झालेला माणूस तीन लिटर नुसते पितो. घरात ताप किंवा जुलाब असतील तर त्याहून जास्त लागते. अंगावर पाजणारी आई असेल, तर तिचा वाटा वाढवा. तुमच्याकडे लहान मूल आहे, वडीलधारी माणसे आहेत, म्हणून मी असते तर सोळा कॅन भरले असते. हात धुणे, भांडी, संडास यांचा हिशेब यात नाही. त्यासाठी न्हाणीतल्या बादल्या आणि पावसाचे पाणी. पिण्याच्या कॅनने फरशी पुसली जाणार नाही, हे घरात आधीच ठरवून घ्या. साठा पहिल्या दोन दिवसांत संपतो तो याच कारणाने.

आता ड्रम कोणते? मोठे घेऊच नका. दोनशे लिटरचा भरलेला ड्रम जागचा हलत नाही, धुता येत नाही, आणि त्यात एक मेलेली पाल सापडली की दोनशे लिटर गेले. वीस लिटरचा कॅन तुमची आईसुद्धा ओढत नेऊ शकेल. तळाशी त्रिकोणात १, २ किंवा ५ हा आकडा असलेले, खाण्याच्या पदार्थांसाठी बनवलेले प्लॅस्टिक चालते. जुन्या बाजारातले निळे ड्रम स्वस्त मिळतात, पण त्यांत आधी काय होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. मी स्वतः एकदा हाव धरली होती. माडाच्या व्हिनेगरचे सहा रिकामे कॅन फुकट मिळाले, सोड्याने धुतले, उन्हात वाळवले, तीनदा पाणी भरून ओतून दिले. पाचव्या महिन्यात प्यायला उघडले तर पाण्याला सॉर्पातेलचा, म्हणजे व्हिनेगर घातलेल्या मटणाच्या कालवणाचा, वास. प्लॅस्टिक वास धरून ठेवते आणि सावकाश परत देते. व्हिनेगर होते म्हणून हसण्यावारी गेले, कीटकनाशक असते तर? नवेच घ्या.

स्टीलची टाकी उत्तम, पण महाग. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू कमी होतात, हे खरे आहे. मात्र त्याला वेळ लागतो, हंडा आतून स्वच्छ घासलेला लागतो, आणि गढूळ पाण्याला मी त्यावर सोडणार नाही. आजीचा हंडा जरूर वापरा, पण आपत्तीचा सगळा भार त्याच्यावर नको.

पाणी टिकावे म्हणून काय घालायचे, हा तुमचा दुसरा प्रश्न. पाणी स्वतः नासत नाही. त्याला नासवतात भांडे, हात आणि उजेड. कॅन साबणाने धुवा, मग लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा साधे ब्लीच घालून ते आत सगळीकडे खळखळवा, अर्धा मिनिट तसेच ठेवा, ओतून टाका आणि स्वच्छ पाण्याने विसळा. मग नळाचे पाणी काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतेच, पण वाहिनीच्या शेवटच्या टोकाला येईपर्यंत ते कधी कधी संपलेले असते. भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उरलेले क्लोरीन हवे. क्लोरोस्कोप नावाची छोटी पेटी मिळते. नळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे आणि पिवळा रंग पट्टीशी जुळवायचा. रंग आलाच नाही, तर कॅनमध्ये क्लोरीन आपण घालायचे. किती, ते पुढे सांगते.

कॅन ठेवायचे अंधारात, जमिनीला न टेकता फळीवर, रॉकेल, पेट्रोल आणि झुरळांच्या औषधापासून लांब. गच्चीवर नको. उन्हात शेवाळ धरते आणि प्लॅस्टिक ठिसूळ होते. बाल्कनीतही एका जागी रचू नका. सोळा कॅन म्हणजे तीनशे वीस किलो, ते पलंगाखाली, कपाटाच्या तळाला, भिंतीच्या कडेने विखरून ठेवा.

डासांबद्दल जरा खडसावूनच सांगते. डेंग्यूचा डास गटारात नाही, आपण जपून साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आपत्तीत घरोघरी उघड्या बादल्या भरलेल्या असतात आणि पंधरा दिवसांनी वस्तीत ताप सुरू होतो. आटे असलेले झाकण हवे. नुसते ताट झाकलेले चालत नाही. उघड्या पिंपाला दुपदरी फडके दोरीने घट्ट बांधा आणि आठवड्यातून एकदा ते पूर्ण रिकामे करून घासा, कारण अंडी काठाला चिकटून राहतात.

घरी भरलेले पाणी सहा महिन्यांनी बदलायचे. तारखा लक्षात राहत नाहीत, सण राहतात. मी पुरुमेंताबरोबर मे महिन्यात भरते आणि दिवाळीच्या साफसफाईत बदलते. जुने पाणी फेकायचे नाही, झाडांना, कपड्यांना वापरायचे.

आता आरओ. नाराज होऊ नका, पण तुमच्या घरी पर्वरीत आरओची मुळात गरज नसावी. आपल्या नद्यांचे पाणी मऊ आहे, विरघळलेले क्षार फार कमी. आरओ क्षार काढण्यासाठी असतो आणि त्या कामात बरेच पाणी मोरीत सोडतो. नळाच्या पाण्याला कँडलचा फिल्टर किंवा यूव्ही पुरतो. पण मुद्दा वेगळाच आहे. आरओ आणि यूव्ही दोघांनाही वीज लागते, आणि नळाला दाब लागतो. आपत्तीत नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. आरओ ठेवा, पण त्याला आपत्तीच्या तयारीत धरू नका. विजेशिवाय चालणारा दोन टाक्यांचा, सिरॅमिक कँडलचा स्टीलचा फिल्टर घेऊन ठेवा आणि दोन जादा कँडल. कँडल मऊ ब्रशने, साध्या पाण्याने घासायची. साबण लावू नये, भोके बुजतात. बारीक तडा गेलेली कँडल फेकून द्यायची, तिच्यातून जंतू गाळल्याशिवाय जातात. आणि शाबूत कँडलही विषाणू अडवत नाही, म्हणून गाळल्यावर क्लोरीन किंवा उकळणे राहतेच.

खरा खजिना तुमच्याकडे सत्तरीत आहे आणि मला काळजीही त्याचीच आहे. वर्षाचे अकरा महिने बंद असलेली विहीर म्हणजे पाने, बेडूक, कधी एखादी घूस. मग चवथीला पंचवीस माणसे एकदम उतरतात, पंप सुरू होतो आणि तिसऱ्या दिवशी पोरांना जुलाब. लोक म्हणतात, मोदक बाधले.

विहिरीत सर्वांत जास्त घाण शेजारून येते. आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो, त्याच्या भेगांतून पाणी वाहते. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान पंधरा मीटर लांब हवा, पण शेजाऱ्याने नवा बंगला बांधून तुमच्या कुंपणाला लागूनच खड्डा काढला असेल तर तुमच्या विहिरीला त्याची खबर आधी लागते. जूनमध्ये भूजल वर चढले की खड्डा आणि विहीर जवळजवळ एकाच पाण्यात उभे असतात. म्हणून 'आमची विहीर पणजोबांच्या काळची, कधी कोणाला काही झाले नाही' हे मी मानत नाही. पणजोबांच्या काळी शेजारी फ्लशचा संडास नव्हता. औषधाच्या दुकानात नाही, पण प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्याकडे एच-टू-एस चाचणीची छोटी बाटली मिळते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून घरातच ठेवायची. एक-दोन दिवसांत काळी पडली तर पाण्यात विष्ठेचा अंश असण्याची दाट शक्यता. आपल्या हवेत ती उबवायला यंत्रसुद्धा लागत नाही.

विहिरीची साफसफाई मे महिन्यात करायची, पाणी तळाला गेलेले असते तेव्हा. गाळ उपसायला माणूस उतरवणार असाल तर डिझेल किंवा पेट्रोलचा पंप आत उतरवू नका, त्याच्या धुराने आतला माणूस बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरणाराही. मग चवथीच्या आठवडाभर आधी ब्लीचिंग पावडर. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने, मग ०.७८५ने. आले ते घनमीटर, म्हणजे तितके हजार लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण २८ हजार लिटर. ताज्या पावडरला हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे सत्तर ग्रॅम. ही सुरुवात. तासाभराने क्लोरोस्कोपने पाहायचे, ०.५ मिलिग्रॅम उरले असले पाहिजे. शेवाळ किंवा लोह असेल तर ते क्लोरीन खाऊन टाकतात आणि पुन्हा घालावी लागते. पावडर आधी बादलीत कालवा, पाच-दहा मिनिटे चुना खाली बसू द्या, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता. तीच बादली दोराने विहिरीत बुडवून वरखाली, डावीउजवीकडे हलवा. खालचा साका विहिरीत टाकू नका. मी हे रात्री जेवणानंतर करते, म्हणजे सकाळपर्यंत कोणी शेंदत नाही.

पुराचे पाणी शिरलेली विहीर वेगळी. तिला हजार लिटरला दीडशे ग्रॅम पावडर घालून रात्रभर ठेवायची आणि क्लोरीनचा वास जाईपर्यंत उपसायची. उपसा मात्र सावकाश. भर पावसाळ्यात बाहेरच्या मातीत पाणी गच्च भरलेले असते, आतले झपाट्याने काढले तर विहिरीची बाजू आत ढासळू शकते.

आता विहीर नाही, टँकर आला आहे किंवा ओढ्याचे पाणी मिळाले आहे आणि ते तांबडे आहे, असे धरू. इथे घाई करून क्लोरीन घालू नका. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवर खर्च होते आणि जंतू मातीच्या कणांआड लपून राहतात. आधी निवळणे, मग मारणे. पाणी जुन्या सुती साडीच्या चार ते आठ पदरी घडीतून गाळा. नवी साडी नको, जुन्या साडीचे धागे पिंजून भोके बारीक झालेली असतात. बांगलादेशात गावकऱ्यांनी एवढेच केले तेव्हा पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्यावर आले होते, त्याचा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला.

त्यानंतर तुरटी. प्रकल्पात आम्ही पावसाळ्यात रोज सकाळी सहा चंचुपात्रांत नदीचे पाणी घेऊन प्रत्येकात वेगळी तुरटी घालायचो आणि कोणत्यात गाळ लवकर बसतो ते पाहायचो. जुलैत पाणी इतके लाल यायचे की पात्रापलीकडचे बोट दिसत नसे. हीच चाचणी तुम्ही ओट्यावर करू शकता. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम तुरटी विरघळवून ठेवा. दोन-दोन लिटरची तीन पातेली घ्या, एकात या पाण्याचा अर्धा चमचा, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात दोन चमचे. मिनिटभर जोरात ढवळा, मग पाच मिनिटे अगदी हळू, आणि अर्धा तास हात लावू नका. कापसासारखे पुंजके होऊन खाली बसतील. ज्या पातेल्यात कमीत कमी तुरटीत पाणी निवळले, तेच प्रमाण सगळ्या पाण्याला वापरा.

इथे गोव्यातली एक खाच आहे आणि ती देशावरच्या सल्ल्यात सापडत नाही. आपले पाणी इतके मऊ असते की तुरटीने ते आंबट होते आणि पुंजके बनतच नाहीत. लोक मग तुरटी वाढवत जातात आणि पाणी अधिकच बिघडते. प्रकल्पात म्हणूनच तुरटीबरोबर चुना घालतात. घरी पानाचा चुना चालतो, थोडा थोडा, वाटीत कालवून. पुंजके बनत नाहीत असे दिसले तरच घाला. पहिल्यांदा फरक दिसला की मजा वाटते, माझ्या नातीला ही जादूच वाटते.

निवळलेले पाणी वरून हलकेच काढून घ्या आणि मग क्लोरीन. साधे ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, पाच टक्क्यांच्या आसपासचे, सुगंध किंवा रंग नसलेले. लिटरला दोन थेंब, वीस लिटरला चाळीस, म्हणजे दोन मिलिलिटर. इंजेक्शनची सुई नसलेली सिरिंज मापाला उत्तम. अजून धूसर असेल तर दुप्पट. ढवळून अर्धा तास झाकून ठेवा. झाकण उघडल्यावर क्लोरीनचा किंचित वास आला पाहिजे. आला नाही तर तेवढेच पुन्हा घाला, आणखी पंधरा मिनिटे थांबा. त्यानंतरही वास नाही तर ते पाणी पिऊ नका, त्यात काहीतरी आहे. संडास साफ करायच्या आम्लाजवळ ब्लीच ठेवू नका, दोन्ही मिसळले तर विषारी वायू निघतो.

साठ्याला मात्र मी ब्लीचची बाटली किंवा पावडर धरत नाही. आपल्या दमट हवेत ब्लीचिंग पावडर दोन पावसाळ्यांत कणकेसारखी होते, वास येतो पण जोर गेलेला असतो. पातळ ब्लीचही सहा महिन्यांनंतर कमजोर पडत जाते. क्लोरीनच्या गोळ्या पट्टीत सीलबंद असतात, काही वर्षे टिकतात. एक गोळी किती लिटरला ते पाकिटावर लिहिलेले असते आणि ते वाचायचेच, कारण वीस लिटरची गोळी एका लिटरच्या बाटलीत टाकणारे मी पाहिले आहेत. तुमच्या घराला रोज वीस लिटरची एक गोळी, शंभर गोळ्यांत तीन महिन्यांहून अधिक. हा साठा मुठीत मावतो, सदतीस ड्रमांशी तुलना करून पाहा.

गॅस असेल तर उकळणे सगळ्यांत भरवशाचे. क्लोरीनला दाद न देणारे काही जंतू असतात, क्रिप्टोस्पोरिडियम त्यांतला एक, तेही उकळीत मरतात. म्हणून तीन वर्षांच्या मुलाचे पाणी तुम्ही उकळाच. समुद्रसपाटीला खळखळून एक मिनिट उकळी पुरते. वीस मिनिटे उकळत ठेवणे म्हणजे गॅसची नासाडी. रोज वीस लिटर उकळायला साधारण पाव किलो गॅस जातो, १४.२ किलोचा सिलिंडर नुसत्या पाण्याला वापरला तर जेमतेम दोन महिने. तेव्हा मुलाचे आणि आजारी माणसाचे उकळून, बाकीच्यांचे क्लोरीनने. उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून ठेवा आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने किंवा तोटीने काढा. पेला बुडवला, बोटे बुडाली, की उकळल्याचा उपयोग गेला.

पारदर्शक बाटली सहा तास उन्हात ठेवून पाणी शुद्ध करायची पद्धतही खरी आहे, पण तिला ऊन लागते. आपल्याकडे गरज जुलैत पडते आणि जुलैत ऊन शोधायचे कुठे? एप्रिल-मेसाठी लक्षात ठेवा.

पावसाचे पाणी मात्र सोडू नका. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर. तुमच्या सत्तरीच्या घराच्या पन्हळीखाली पिंप ठेवले तर एका चांगल्या सरीत भरेल. मोसमातला पहिला पाऊस वाहू द्यायचा, कौलांवरचे शेवाळ, कावळ्यांची घाण, पाने धुऊन जाऊ द्यायची. पुढेही प्रत्येक सरीचे पहिले शंभर-दोनशे लिटर सोडायचे. जुने सिमेंटचे पत्रे असतील, तर ते पाणी पिण्यात घेऊ नका. फ्लॅटमध्ये बाल्कनीबाहेर स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद चार कोपऱ्यांनी बांधून मधून बादलीत सोडला तरी वापराचे पाणी निघते.

जे यातल्या कशानेही जात नाही तेही सांगून ठेवते. समुद्राजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, ते मीठ उकळून जात नाही, उलट वाढते. कीटकनाशक, डिझेल, रसायनांचा वास येणारे पाणी घरगुती उपायांनी सुधारत नाही. त्याला हात लावू नका, दुसरे शोधा. बोअरचे तांबडे पाणी वेगळे, ते बहुधा लोह असते. उघड्या भांड्यात घेऊन एका भांड्यातून दुसऱ्यात वीसेक वेळा उंचावरून ओता आणि रात्रभर ठेवा, तांबडा साका खाली बसतो, मग गाळा.

आणखी एक. नळाचे पाणी बंद पडून पुन्हा आले की पहिली दहा-पंधरा मिनिटे ते पिण्यासाठी भरू नका. वाहिनीत दाब नसताना फुटक्या जागांतून बाहेरची घाण आत ओढली जाते आणि पाणी सुटताच तीच पहिल्यांदा येते. लोक नेमके तेच पाणी हंड्यांत भरतात, कारण आठवड्यानंतर आलेले असते. पहिले पाणी बादलीत, संडासाला. तुमच्या इमारतीची जमिनीखालची टाकी सखल जागी असेल तर तिच्या झाकणाची कड पावसाळ्याआधी सोसायटीने पाहून घ्यावी, नाहीतर अंगणातले पाणी थेट आत जाते.

एवढे सगळे वाचून दडपण येत असेल तर या शनिवारी फक्त चार कॅन आणि एक पट्टी गोळ्या आणा. बाकी मे महिन्यात.

आणि सत्तरीला जाल तेव्हा दोर घेऊन जा. तौक्तेच्या दिवशी माझ्या मामेभावाच्या घरी विहीर काठोकाठ नव्हती, पण पाणी होते, अंगणात, दहा पावलांवर. पंप बंद. रहाट कधीच काढून टाकला होता, पोहरा माळ्यावर, दोराचा पत्ता नाही. शेवटी तिघांनी कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोऱ्या एकत्र पिळल्या आणि स्टीलची कळशी सोडली. ती तिसऱ्या खेपेला तुटून तळाला गेली, अजून तिथेच आहे. काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मेमध्ये सर्वांत जास्त असते, तेव्हा मोजा आणि त्याहून पाच मीटर जास्त लांबीचा काथ्याचा किंवा जाड सुती दोर, एक लोखंडी कप्पी आणि एक पोहरा विहिरीजवळच्या खोलीत खुंटीला टांगून ठेवा. दोर जमिनीवर ठेवू नका, उंदीर कुरतडतात.